दोघांनी पाहिलेला पक्षी

आमच्या मंडळात पक्षी नुसता दिसून भागत नसे, तो धरला जावा लागे. धरला म्हणजे पिंजऱ्यात नव्हे. त्या हिवाळ्यात अमुक पाण्यावर अमुक पक्षी आला होता, असं मंडळाने मान्य केलं की तो धरला. धरायचा की सोडायचा हे आमचे अध्यक्ष ठरवत. मंडळ हा शब्द ऐकून कुणी फार मोठं चित्र डोळ्यांसमोर आणू नये. पुण्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्याबरोबर येणारे दोन गृहस्थ, ज्यांचा जीव पक्ष्यांपेक्षा चहात जास्त, आणि चिंचवडचे आम्ही नवराबायको. मुख्याध्यापकांना अध्यक्ष म्हणून कुणी निवडलं नव्हतं. पण ते बोलायला लागले की आपण वर्गात बाकावर बसलोय असं वाटायचं, म्हणून ते अध्यक्ष.

त्यांचा नियम एकच होता आणि कडक होता. पक्षी दोघांनी पाहिलेला पाहिजे. एकट्याने पाहिलेला धरायचा नाही, नुसता ऐकलेला तर नाहीच नाही. शिवाय त्या दोघांनी वेगवेगळं बसून खुणा सांगायच्या. चोच कशी, पाय कसे, पंखावर काय दिसलं. खुणा जुळल्या तर पक्षी धरला. या कडकपणाला कारण घडलं होतं. चहावाल्या गृहस्थांपैकी एकाने देहूरोडजवळ आगगाडीच्या खिडकीतून रोहित पक्षी पाहिल्याचं छातीठोकपणे सांगितलं. अध्यक्ष मुद्दाम तिथे जाऊन आले, तर बाभळीवर कुणाचा तरी गुलाबी फेटा वाळत होता. तेव्हापासून एकट्याच्या डोळ्यांवर त्यांनी विश्वास ठेवला नाही.

मला हा नियम फार आवडायचा. मी मराठी चौथी शिकलेली. सासरी काय नि माहेरी काय, माझ्या हातचं काही चांगलं झालं तर ते माझं म्हणून कधी कुणी सांगितलं नाही. भाजी जमली तर सासूबाई म्हणायच्या, वांगी कोवळी होती. पण मोशीच्या पाण्यावर तसं नव्हतं. तिथे मी आणि दुसऱ्या कुणी सारख्याच खुणा सांगितल्या, की माझा पक्षी मुख्याध्यापकांच्या पक्ष्याइतकाच पक्का. जन्मात कुणी माझं म्हणून काही धरलं असेल, तर ते हे पक्षी. त्यांच्यावर माझा किती जीव होता ते सांगून समजायचं नाही.

हा नाद मला लावला आमच्या ह्यांनी. पन्नास सालानंतरची ती वर्षं. चिंचवड-पिंपरीच्या माळावर पत्र्याची छपरं एकेक करून उठायला लागली होती आणि त्यातल्याच एका छपराखाली हे लेथवर कामाला होते. लग्नाआधीच पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी लष्करातली एक जुनी दुर्बीण आणलेली होती. तिचं चामडं सोललेलं, पट्टा कुणाच्या तरी पायताणाचा असावा असा, पण काचा स्वच्छ. लग्न होऊन आले तेव्हा लोक बायकोला घेऊन आळंदीला जायचे, ह्यांनी मला मोशीला नेलं. "बघ," म्हणाले, आणि दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. चक्रवाकाची जोडी होती. मी तोंडात पदर धरून उभी राहिले.

मोशी गावाच्या खालच्या अंगाला इंद्रायणी जरा पसरते. तिथे तेव्हा चिखल, लव्हाळी आणि गुडघाभर पाण्याची एक मोठी पाणथळ जागा होती. रविवारी पहाटे ह्यांनी सायकल काढायची, मी मागे कॅरियरवर बसायचं. चिखलीवरून कच्चा रस्ता, मग नाशिक रस्ता, आणि तिथे चाकणच्या बाजाराला निघालेल्या कांद्याच्या बैलगाड्या. माझं तोंड काही बंद राहत नसे. गाडी आली, खड्डा आला, कुत्रं आडवं आलं, अशी मी सारखी बडबडत असायचे. हे म्हणायचे, "तू बोल गं, बरं वाटतं." मला वाटायचं, नशीब माझं, बायकोच्या बडबडीला न कंटाळणारा नवरा मिळाला.

पाण्याला लागून एका म्हातारीचं कांद्याचं वावर होतं. ती खुरपणी करता करता आमच्यावर लक्ष ठेवायची. एकदा मला म्हणाली, "काय गं बाई, त्या पाण्यात काय पडलंय व्हय तुमचं?" मी म्हटलं, पक्षी बघतो. तर हातातलं खुरपं माझ्याकडे रोखून म्हणाली, "तू बघतीस. तुजा मालक कुटं बघतुया? त्यो तर सारखा तुज्याकडंच तोंड करून बसतुया." मी लाजून लाल झाले. घरी येईपर्यंत मनातल्या मनात हसत होते.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्या माझ्या डोळ्यांदेखत होत्या आणि मला त्यांचा अर्थ लागला नाही. एक म्हणजे दुर्बिणीचं चाक. दुर्बिणीला मधोमध एक चाक असतं, ते ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे फिरवून घ्यावं लागतं. ह्यांची नजर वेगळी, माझी वेगळी. सुरुवातीला दुर्बीण ह्यांच्याकडून माझ्याकडे आली की सगळं धूसर. "माझं चाक फिरवलंत ना!" यावरून आमची भांडणं होत. मग हळूहळू ती भांडणं बंद झाली. दुर्बीण परत माझ्या हातात यायची ती मी दिली होती तश्शी, लख्ख. मला वाटलं, संसार जुना झाला तशी आमची नजरही एक झाली. कुणाला सांगितलं नाही, पण मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे ह्यांचं बोलताना माझ्या कानाकडे बघणं. ही सवय नवी होती. मी समोर बसलेली, आणि हे माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघून बोलणार. "अहो, माझ्याकडे बघून बोला की," मी म्हणायचे. "कानात काय आहे?" ते हसायचे आणि म्हणायचे, "कुड्या."

मी सांगते आहे त्या हिवाळ्यात आम्ही पुष्कळ पक्षी जमवले. शेकाट्या, थापट्या, हळदीकुंकू बदकं, आणि मी पाहिलेला एक कमळपक्षी. प्रत्येक वेळी तेच. मी पाहायची, हळूच खूण सांगायची, दुर्बीण ह्यांच्याकडे द्यायची, आणि हे थोडा वेळ धरून म्हणायचे, "हं, दिसला." एवढं म्हटलं की माझा पक्षी दोघांचा होत असे.

थंडी सरत आली तेव्हाची एक सकाळ. लव्हाळ्याच्या पलीकडे एक मोठा काळा पक्षी उभा होता. पोट पांढरं, मान काळी, आणि उन्हात तिच्यावर हिरवी-जांभळी झाक. चोच लाल. काळा करकोचा! मोशीच्या पाण्यावर तो कुणालाही कधी दिसलेला नव्हता. अध्यक्ष स्वतः त्याच्यासाठी किती हिवाळे झुरले होते, ते आम्हाला माहीत होतं. चोच लाल, पोट पांढरं, मानेवर झाक, असं मी ह्यांना हळूच सांगत गेले. मी बोलून गेले, "अहो, पाय बघा! चुलीतून ओढलेल्या लाकडासारखे काळे!" आणि दुर्बीण ह्यांना दिली.

ह्यांनी ती बराच वेळ धरली. "हं," म्हणाले, "दिसला."

मी दुर्बीण परत घेतली तेव्हा करकोचा चार पावलं चालून पलीकडच्या वाहत्या धारेत उतरला आणि वर आला. पाय लालभडक! इतका वेळ गड्याने चिखलाचे मोजे घातले होते. मी ओरडणारच होते, पण अध्यक्षांचा नियम आठवला. दोघांचं पाहून झालं की तोंड मिटायचं, खुणांवर चर्चा करायची नाही. पक्षी इतका जवळ होता की नुसत्या डोळ्यांनीही पाय दिसत होते. मी ओठ दाबून धरले. घरी जाताना रस्ताभर बडबडले, पण पायांबद्दल एक अक्षर काढलं नाही.

फाल्गुनात मंडळाची बैठक असे. त्या हिवाळ्यातले पक्षी एकेक करून धरायचे किंवा सोडायचे. त्या वर्षी बैठक आमच्या खोलीत होती. चिंचवड स्टेशनजवळच्या चाळीतल्या दोन खोल्या, मध्ये फळ्यांचं पार्टिशन. मी सकाळपासून शिऱ्याच्या आणि पापडांच्या तयारीला लागले होते, पण माझा जीव करकोच्यात. बाकीचे पक्षी भराभर धरले गेले. शेवटी अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता वहिनींचा करकोचा. आधी वहिनी सांगतील. राव, तुम्ही जरा गॅलरीच्या टोकाला जाऊन थांबा."

मी सांगितलं. चोच लाल, पोट पांढरं, मानेवर झाक. अध्यक्षांनी विचारलं, "पाय?" मी म्हटलं, "लाल." अध्यक्षांच्या मिशीखाली हसू आलेलं मी पाहिलं. मग मी आतल्या खोलीत गेले, ह्यांना बोलावलं. मी चुलीवर पापड धरला आणि कान पार्टिशनला लावला. इथवर सगळं छान चाललं होतं.

ह्यांनी चोच सांगितली, पोट सांगितलं, झाकही सांगितली. अगदी माझ्याच क्रमाने.

"आणि पाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"काळे," हे म्हणाले. "चुलीतून ओढलेल्या लाकडासारखे."

माझ्या हातातला पापड जळून कोळसा झाला आणि मला कळलंही नाही. हे वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा. मग अध्यक्ष म्हणाले, "नाही राव. नाही धरता येणार." त्यांना वाईट वाटत होतं, ते आवाजावरून कळत होतं, पण नियम म्हणजे नियम. मंडळी शिरा खाऊन सुतकी चेहऱ्याने निघून गेली.

दार लागलं आणि मी सुटले. "अहो, लाल पाय! एवढे लाल! तो धारेतून वर आला तेव्हा तुम्ही काय कावळे मोजत होतात? जरा नीट बघितलं असतंत तर काय बिघडलं असतं? मुलखातला पहिला करकोचा माझा, आणि तुमच्यामुळे गेला!"

हे पाटावर बसून होते. माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "मला दिसला नव्हता."

"पाय दिसले नव्हते?"

"करकोचा."

मला वाटलं, चिडून बोलतायत. मी म्हटलं, "मग शेकाट्या?" "नाही." "हळदीकुंकू?" "पाण्यावर काहीतरी हललं. तू बदक म्हणालीस, मी बदक म्हटलं." "कमळपक्षी?" त्यांनी नुसती मान हलवली. मी एकेका पक्ष्याचं नाव घेत गेले आणि हे मान हलवत गेले.

मी खुंटीवरची दुर्बीण काढली आणि त्यांच्या हातात कोंबली. त्यांना गॅलरीत ओढत नेलं. समोर स्टेशनचा सिग्नल होता, लोखंडी हाताचा. "सांगा, हात वर आहे का खाली?" ह्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि चाक फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, परत उलटं फिरवलं, आणि मग हात खाली घेतला.

"काही उपयोग होत नाही," ते म्हणाले. "जिथे बघावं तिथेच काही नसतं. मधोमध धूर बसल्यासारखं. बाजूचं असतं. तू दाखवतेस ना, नेमका तिथेच डाग असतो."

तेव्हा मला चाक समजलं. आमची नजर एक झाली नव्हती. फिरवून फरकच पडत नव्हता, म्हणून त्यांनी ते फिरवायचं सोडलं होतं. ज्या गोष्टीचं मी एवढे दिवस मनात कौतुक करत होते, ती ही होती.

मग एकेक समजत गेलं. ती सायकल! कांद्याच्या गाड्यांमधून ज्या माणसाच्या पाठीमागे मी निवांत बसत होते, त्याला समोरचं दिसत नव्हतं. तो माझ्या बडबडीवर सायकल हाकत होता. तो लेथ! फिरत्या लोखंडाशी रोज हात. "तिथे काय करता?" मी विचारलं. "हाताला कळतं," ते म्हणाले. "माप शेजारच्या लेथवरचा भाऊ वाचून देतो. कारखान्यात कुणाला माहीत नाही. कळलं तर लेथवरून काढतील."

"आणि मला? मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी दुर्बिणीचा पट्टा बोटांभोवती गुंडाळला. मग म्हणाले, "मी दिसला म्हटलं नसतं तर तुझे पक्षी कुणी धरले असते?"

मी हे ऐकून विरघळायला हवं होतं, असं लोकांना वाटेल. मी विरघळले नाही. मला भयंकर राग आला. माझे पक्षी म्हणून मी ज्यांना उरी धरून होते, त्यातला एकही माझा नव्हता, आणि हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. त्या रागातच मी विचारलं, "मी तरी दिसते का तुम्हाला?"

"कुड्या दिसतात," ते म्हणाले. "केस दिसतात. खांदे दिसतात. नाकडोळे नाही दिसत. मागच्या दिवाळीपासून."

म्हणजे मी त्यांच्यासमोर हसले, रुसले, डोळे वटारले, आणि ते सगळं कुणापुढेच केलं नव्हतं. आजही हे वाक्य आठवलं की मी दचकते. इतक्या वर्षांनी माणसाने दचकू नये, पण दचकते.

पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बरंच तपासलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग गेलाय, चष्म्याने यायचा नाही, सगळा अंधार मात्र होणार नाही, असं म्हणाले. यंत्रावर उभं राहू नका, असं बजावलं. मी स्वतः कारखान्यात जाऊन साहेबांना सांगितलं. हे माझ्यावर आठवडाभर रुसले. साहेब माणूस बरा निघाला, त्याने ह्यांना गोदामात दिलं. तिथे सुटे भाग हाताने चाचपून ज्याच्या त्याच्या खणात लावायचे. त्यात हे कधी चुकले नाहीत, पण लेथची आठवण काढून संध्याकाळी बोटं चोळत बसायचे.

राहिले पक्षी. एका रविवारी मी एकटीच अध्यक्षांच्या घरी गेले आणि म्हटलं, "गेल्या हिवाळ्यातले माझे सगळे पक्षी काढून टाका." त्यांच्या हातातला कप बशीत आपटला. "सगळे? अहो वहिनी, का?" मी म्हटलं, "ते दोघांनी पाहिले नव्हते," आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पण तुम्ही तर पाहिलेत ना? मला खात्री आहे वहिनी, करकोचासुद्धा. पाय लालच असतात." मला वाटलं, आता हे म्हणतील, जाऊ दे, धरू. मी जरा वाट पाहिली. ते म्हणाले नाहीत. त्यांनी पक्षी काढले. मला वाईट वाटलं, पण त्यांचा रागही आला नाही. त्यांनी तेव्हा सूट दिली असती तर आधीचे धरलेले तरी कशाला पक्के?

पुढच्या हिवाळ्यात मोशीला जायचं माझ्या मनात नव्हतं. ह्यांनीच काढलं. सायकल मी केव्हाच विकायला लावली होती. पहाटे कांदे भरून चाकणला जाणाऱ्या नि रिकामे परतणाऱ्या गाडीवाल्यांशी ओळख झाली होती, त्यांच्यातल्या एकाच्या गाडीत कांद्याच्या पोत्यांवर बसून गेलो. म्हातारी वावरात होतीच. "लई दिसांनी आला," म्हणाली, आणि पुन्हा खाली वाकली.

आम्ही नेहमीच्या जागी बसलो. दुर्बीण मी आणली नव्हती. पाण्यावर पुष्कळ पक्षी होते, पण मी एकाचंही नाव घेतलं नाही. सवयीने मी ह्यांच्या समोर बसले होते. मग उठले आणि बाजूला, त्यांच्या उजव्या खांद्यापासून हातभर अंतरावर जाऊन बसले. ते पाण्याकडे तोंड करून होते.

"आता?" मी विचारलं.

"हं," ते म्हणाले. "दिसलीस."

तोच आवाज. शेकाट्याच्या वेळचा, कमळपक्ष्याच्या वेळचा, करकोच्याच्या वेळचा. हा माणूस माझ्यासाठी याही वेळी खोटं बोलू शकेल, आणि मला ते कधी कळणार नाही, असं मनात आलं. अध्यक्षांच्या हाताखाली शिकलेली बाई मी, नुसत्या दिसलीसने माझं समाधान कसं व्हावं?

मी दोन्ही हातांतल्या बांगड्या हळूच वर सरकवून घट्ट बसवल्या, म्हणजे वाजायच्या नाहीत. श्वास धरला. आणि खांद्यावरचा पदर अगदी हळू, वाऱ्यालाही कळू नये असा, डोक्यावर ओढून घेतला.

हे पाण्याकडेच बघत होते. जरा वेळाने म्हणाले, "डोक्यावर पदर का घेतलास? ऊन लागतंय का?"

मी एक अक्षरही बोलले नव्हते.